पाच बुड्यांची निवड : प्रगत स्कूबा अभ्यासक्रमापूर्वी करावयाचा विचार

समुद्रकिनारी सुट्टी घालविणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘स्कूबा डायव्हिंग’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाऊन आलेले अनेकजण आपल्या परिचयात असतात. मात्र ही ओळखीची बुडी म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ज्यांना या छंदात पुढे जावयाचे असते, ते ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि त्यांना सोबत्यासह १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची पात्रता लाभते. त्यानंतरची पायरी म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर’. या पायरीवर प्रथमच विद्यार्थ्याला निवडीचा अधिकार मिळतो आणि तेथेच पुष्कळांची गफलत होते.

अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेल्या ‘पॅडी’ या संस्थेचा अभ्यासक्रम भारतात सर्वाधिक परिचित असल्याने प्रस्तुत लेखात त्याचाच आधार घेतला आहे. अन्य संस्थांची रचना थोडी वेगळी असते. उदाहरणार्थ, ‘एसएसआय’ या संस्थेत याच नावाचा दर्जा मिळविण्यासाठी चार विशेष अभ्यासक्रम आणि एकूण २४ बुड्या आवश्यक असतात. नाव सारखे असले तरी त्यामागील अनुभव सारखा असेलच असे नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

अभ्यासक्रमाची रचना

या अभ्यासक्रमात एकूण पाच बुड्या असतात. त्यांपैकी दोन अनिवार्य आहेत : खोल पाण्यातील बुडी आणि पाण्याखालील दिशाशोधन. उर्वरित तीन विद्यार्थ्याने एका मोठ्या यादीतून निवडावयाच्या असतात. तरंगण्याचा समतोल, रात्रीची बुडी, बुडालेल्या जहाजाची पाहणी, प्रवाहासोबतची बुडी, माशांची ओळख, छायाचित्रण, शोध आणि वस्तू वर आणणे, बोटीवरून बुडी, प्राणवायूचे प्रमाण वाढविलेली हवा अर्थात नायट्रॉक्स, उंचावरील जलाशयांतील बुडी, थंड पाण्यासाठीचा ड्राय सूट असे कितीतरी पर्याय त्या यादीत असतात. शेवटी लेखी परीक्षा नसते. प्रत्येक बुडीपूर्वी त्या विषयाचे प्रकरण वाचून प्रश्नांची उत्तरे लिहावयाची असतात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ३० मीटर खोलीपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. १२ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मर्यादा २१ मीटर आहे.

निवडलेली प्रत्येक बुडी ही त्या त्या विषयाच्या विशेष अभ्यासक्रमातील पहिली बुडी म्हणून पुढे धरली जाऊ शकते. म्हणजेच आज केलेली निवड ही एका दिवसाची मौज नसून उद्याच्या शिक्षणाची पहिली पायरी असते. परंतु एका बुडीने त्या विषयात प्रावीण्य येत नाही, हीदेखील तितकीच खरी गोष्ट आहे. रात्रीची एक बुडी केलेला मनुष्य रात्रीचा तज्ज्ञ पाणबुड्या होत नाही, तर त्याला त्या विषयाची रीतसर ओळख झालेली असते, इतकेच.

निवड हिशेबाने का करावी?

बहुतेक विद्यार्थी यादी हाती येताच जे नाव आकर्षक वाटेल त्यावर बोट ठेवतात. बुडालेले जहाज, रात्र आणि छायाचित्रण ही तीन नावे त्यात हमखास येतात. या विषयांत गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, १८ मीटरवरून ३० मीटरवर जाण्याची परवानगी मिळणार असताना त्या खोलीस लागणारी तयारी झाली आहे काय?

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर तो एक वातावरण असतो, १८ मीटरवर २.८ होतो आणि ३० मीटरवर ४. दाब जितका अधिक, तितकी प्रत्येक श्वासागणिक अधिक हवा टाकीतून खर्च होते. आता एक साधा हिशेब मांडून पाहू. टाकी ११ लिटरची असून ती २०० बार दाबाने भरली आहे, असे धरू. त्यांपैकी ५० बार राखीव ठेवल्यास वापरावयास १५० बार, म्हणजे सुमारे १,६५० लिटर हवा उरते. नवशिका पाणबुड्या पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे मानल्यास त्याचा खर्च १८ मीटरवर मिनिटाला ५६ लिटर, तर ३० मीटरवर ८० लिटर होतो. म्हणजे १८ मीटरवर त्याची हवा सुमारे २९ मिनिटे पुरेल आणि ३० मीटरवर जेमतेम २० मिनिटे. खाली जाताना व वर येताना होणारा खर्च यात धरलेला नाही. तो वजा केल्यास प्रत्यक्ष वेळ आणखी कमी होतो.

याच पाणबुड्याने शांतपणे पोहावयास शिकून आपला खर्च मिनिटाला १५ लिटरवर आणला, तर त्याच टाकीत १८ मीटरवर ३९ मिनिटे आणि ३० मीटरवर २७ मिनिटे मिळतात. टाकी तीच आणि समुद्रही तोच. खर्चाची शिस्त तेवढी बदललेली आहे. घरखर्चाचा ताळेबंद मांडणाऱ्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

पहिली निवड : तरंगण्याचा समतोल

म्हणूनच तीन ऐच्छिक बुड्यांपैकी एक तरी तरंगण्याच्या समतोलासाठी राखून ठेवावी. यादीत हे नाव सर्वांत नीरस दिसते. प्रत्यक्षात इतर चारही बुड्यांचे यश त्यावर अवलंबून असते.

जो पाणबुड्या कमरेला गरजेपेक्षा अधिक शिसे बांधतो, त्याला ते वजन तोलण्यासाठी जॅकेटमध्ये अधिक हवा भरावी लागते. खोली बदलताच ती हवा आकसते वा फुगते आणि तो कधी खाली घसरतो, तर कधी वर ओढला जातो. मग तो हातपाय मारू लागतो, धाप लागते आणि टाकीचा काटा झरझर उतरतो. या बुडीत प्रथम वजनाची परीक्षा घेतात. टाकी जवळजवळ रिकामी असताना, जॅकेटमधील हवा काढून आणि सामान्य श्वास रोखून धरला असता पाण्याची पातळी डोळ्यांशी यावी, हा सर्वसाधारण निकष आहे. टाकी भरलेली असताना ही परीक्षा घेतल्यास खर्च होणाऱ्या हवेचे दोन ते अडीच किलो वजन हिशेबात धरावे लागते. त्यानंतर शरीर आडवे ठेवून, हात न हलविता, केवळ श्वासाच्या लयीवर एका जागी स्थिर राहण्याचा सराव होतो.

याचा दुसरा लाभ समुद्रास होतो. प्रवाळ हा सजीव आहे आणि त्याची वाढ अतिशय मंद असते. पायातील फिन्सचा एक फटका अनेक वर्षांची वाढ मोडून टाकू शकतो. स्थिर राहता न येणाऱ्या मनुष्याने हाती कॅमेरा घेऊन प्रवाळाजवळ जाणे म्हणजे काचेच्या दुकानात छत्री फिरविण्यासारखे आहे.

नायट्रॉक्सचा मोह आणि वस्तुस्थिती

खोल पाण्यात दुसरी मर्यादा येते ती नत्रवायूची. दाबाखाली श्वासातील नत्रवायू शरीराच्या ऊतींत विरघळतो. ठराविक वेळेपर्यंत खाली राहिल्यास थेट, मात्र सावकाश वर येता येते. त्या वेळेला ‘विनाथांबा कालमर्यादा’ म्हणता येईल. पॅडीच्या तक्त्यानुसार पहिल्या बुडीत ती १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर २० मिनिटे आहे. ती ओलांडल्यास वाटेत अनिवार्य थांबे घ्यावे लागतात. ते न घेता वर आल्यास वायूचे बुडबुडे तयार होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार संभवतात. मर्यादेच्या आत राहूनही ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा घेण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे.

नायट्रॉक्समध्ये प्राणवायू अधिक व नत्रवायू कमी असतो. ३२ टक्के प्राणवायूचे मिश्रण वापरल्यास ३० मीटरवरील २० मिनिटांची मर्यादा त्याच तक्त्याच्या आधारे सुमारे २९ मिनिटांपर्यंत जाते. हे ऐकताच पुष्कळांना नायट्रॉक्स हीच उत्तम निवड वाटते. परंतु वरील हिशेब पुन्हा पाहावा. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याची टाकीच २० मिनिटांत संपत असेल, तर वाढीव नऊ मिनिटे त्याच्या काय उपयोगाची? १५ लिटर घेणाऱ्याला मात्र २७ मिनिटांची हवा असते आणि नत्रवायूची मर्यादा त्याला २० मिनिटांवर अडविते. त्याला नायट्रॉक्सचा खरा लाभ होतो. एका दिवसात अनेक बुड्या, आणि त्याही अनेक दिवस करणाऱ्यांसही ते उपयुक्त आहे. सारांश, आधी समतोल आणि मग नायट्रॉक्स हा क्रम योग्य होय.

आणखी दोन गोष्टी. ३२ टक्क्यांच्या मिश्रणासह सुमारे ३३ मीटरपेक्षा खाली जाणे प्राणवायूच्या विषबाधेमुळे धोक्याचे ठरते. तसेच या अभ्यासक्रमातील नायट्रॉक्सची एक बुडी केल्याने स्वतंत्रपणे नायट्रॉक्स वापरण्याची पात्रता मिळत नाही. त्यासाठी त्याचा विशेष अभ्यासक्रमच पूर्ण करावा लागतो.

समुद्र पाहून निवड

दुसरा निकष स्थळाचा. ज्या पाण्यात शिकावयाचे आहे, तेथे जे उत्तम शिकता येते तेच निवडावे.

भारतात या अभ्यासक्रमासाठी बहुसंख्य विद्यार्थी अंदमानातील स्वराज द्वीपास पसंती देतात. हॅवलॉक या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बेटाचे नामांतर डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तेथील पाणी उबदार, दृश्यता चांगली आणि प्रवाळ समृद्ध असल्याने माशांची ओळख, समतोल व खोल बुडी यांना ते अत्यंत अनुकूल आहे. डिक्सन्स पिनॅकलसारख्या स्थळी पाण्याखालील खडकांभोवती माशांचे थवे दिसतात. तेथे खोलीबरोबर प्रवाहाचाही अनुभव येतो. बहुतेक स्थळी बोटीनेच जावे लागत असल्याने बोटीवरील शिस्त विद्यार्थी आपोआप शिकतो. त्यासाठी एक ऐच्छिक बुडी खर्च करण्याचे सहसा कारण नाही. उबदार पाण्यात ड्राय सूट निवडणे हे तर मुंबईत लोकरी कोट शिवून घेण्यासारखेच होईल. उंचावरील बुडी हा विषय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून अधिक उंचीवरील जलाशयांसाठी असल्याने तोही येथे गैरलागू ठरतो.

गोव्यात ग्रँड बेटाजवळ ‘सुझीज रेक’ या नावाने ओळखले जाणारे जहाजाचे अवशेष आहेत. तेथे दृश्यता दरदिवशी बदलते, हे लक्षात घेऊन जहाजाची पाहणी आणि दिशाशोधन यांचा मेळ घालता येतो. कर्नाटकात मुरुडेश्वरनजीकचे नेत्राणी बेट आणि पुदुच्चेरीजवळचा कृत्रिम प्रवाळमंच हीदेखील परिचित स्थळे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बुड्या बंद असतात, हे रजेचा अर्ज करण्यापूर्वी पाहावे.

तिथीचाही विचार उपयोगी पडतो. कोकणातील दर्यावर्दीस उधाण आणि भांग हे शब्द नवीन नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीमुळे अनेक ठिकाणी पाण्याची ओढ वाढते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत ती कमी असते. दिशाशोधनाचा प्रथम सराव भांगात झाला तर होकायंत्राने आखलेला चौकोन पूर्ण होण्याची शक्यता अधिक.

काही लोकप्रिय पर्याय

रात्रीची बुडी : दिवसा पाहिलेल्या, उथळ व परिचित स्थळीच ती करावी. प्रत्येकाजवळ दोन दिवे असावेत आणि सोबत्याच्या डोळ्यांवर झोत टाकू नये. दिवसा दडून बसणारे खेकडे, झिंगे, अष्टपाद रात्री बाहेर पडतात. ज्याला अंधाराची मुळातच धास्ती वाटते, त्याने केवळ मित्रांच्या आग्रहाखातर ही बुडी घेऊ नये.

बुडालेले जहाज : या बुडीत जहाजाची पाहणी बाहेरूनच करावयाची असते, आत शिरणे यात अंतर्भूत नाही. अडकलेली जाळी, गंजलेले धारदार पत्रे आणि हलताच उसळणारा गाळ हे तेथील धोके. आत जाण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते.

प्रवाहासोबतची बुडी : येथे प्रवाहाशी झुंज द्यावयाची नसून त्याच्या संगतीने जावयाचे असते. पृष्ठभागावर आपली जागा दाखविणारा तरंगता फुगा सोडण्याचे कौशल्य या निमित्ताने हाती येते. बोट दूर असताना हाच फुगा पाणबुड्यास शोधून देतो. म्हणून हा पर्याय सुरक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे.

माशांची ओळख : हा पर्याय सर्वांत कमी दमविणारा आणि पुढे प्रत्येक बुडीत उपयोगी पडणारा. बाजारात पाहिलेली मोरी, पाकट, गोब्रा, तांबोशी ही मंडळी स्वतःच्या घरी कशी वागतात, हे पाहणे मराठी मनुष्यास विशेष रुचावे.

छायाचित्रण : कॅमेरा हा मनुष्याचे सारे लक्ष वेधून घेतो. खोली, हवा आणि सोबती यांच्यावरील लक्ष ढळू न देता चित्र टिपणे हे समतोल साधल्यानंतरचे काम आहे. खाली जाता जाता लाल रंग प्रथम नाहीसा होतो, म्हणून प्रकाशाची सोय करावी लागते.

शोध आणि वस्तू वर आणणे : ठराविक आकृतीत पोहून हरवलेली वस्तू शोधणे, दोराच्या तीन गाठी बांधणे आणि हवेच्या पिशवीने वजन उचलणे असा हा व्यवहारी विषय आहे. पुढे व्यावसायिक पातळीवर जाणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

तीन नमुने

समजा, एकाने नुकताच प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि त्याची हवा सर्वांच्या आधी संपते. त्याच्यासाठी समतोल, माशांची ओळख आणि प्रवाहासोबतची बुडी हा संच योग्य ठरेल. पहिली खर्च आटोक्यात आणील, दुसरी संथपणे पोहण्याची सवय लावील आणि तिसरी बोटीच्या नजरेत राहावयास शिकवील.

दुसरी व्यक्ती जीवशास्त्राची शिक्षिका असून तिच्या तीस-चाळीस बुड्या झाल्या आहेत व समतोल चांगला आहे, असे धरू. तिने माशांची ओळख, रात्रीची बुडी आणि छायाचित्रण निवडल्यास विद्यार्थ्यांपुढे मांडावयास तिच्याजवळ पुष्कळ काही जमेल.

तिसऱ्यास पुढे ‘रेस्क्यू डायव्हर’ व्हावयाचे आहे. त्या अभ्यासक्रमासाठी दिशाशोधनाची बुडी झालेली असणे आवश्यक असते. ती येथे अनिवार्यच आहे. त्याने समतोल, शोध व वस्तू वर आणणे आणि रात्रीची बुडी घ्यावी. दुसऱ्याला वाचवू पाहणाऱ्यास प्रथम स्वतःस स्थिर ठेवता आले पाहिजे.

क्रम आणि खबरदारी

निवडीइतकाच क्रमही महत्त्वाचा. पहिली बुडी समतोलाची, दुसरी दिशाशोधनाची आणि त्यानंतरच्या सकाळी, विश्रांतीनंतर, दिवसातील पहिली म्हणून खोल बुडी हा क्रम हिताचा. ३० मीटरच्या आसपास नत्रवायूची धुंदी जाणवू शकते. साधी बेरीज करावयास वेळ लागतो, उगाच हसू येते अथवा भीती वाटते. काही मीटर वर येताच ती ओसरते. ही धुंदी प्रथमच अनुभवताना समतोलाची चिंता मनावर असू नये, हेच समतोल आधी शिकण्याचे सर्वांत मोठे कारण होय. हा अभ्यासक्रम दोन दिवसांत उरकता येतो; तीन दिवस दिल्यास शिकलेले मुरते.

पैसे भरण्यापूर्वी प्रशिक्षकास काही प्रश्न अवश्य विचारावेत. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील? खोल बुडी कोणत्या स्थळी होईल? हवामान बिघडल्यास ऐच्छिक बुडी बदलता येईल काय? आकस्मिक प्रसंगी प्राणवायूची सोय बोटीवर आहे काय, आणि सर्वांत जवळचा दाब-उपचार कक्ष कोठे आहे? या प्रश्नांना जो त्रासून उत्तर देतो, त्याच्याकडे पाच बुड्या सोपविण्यापूर्वी फेरविचार करावा.

आरोग्यविषयक प्रश्नावली प्रामाणिकपणे भरावी. दमा, हृदयविकार, कानाच्या तक्रारी लपवून पाण्यात उतरणे हा स्वतःशी केलेला खोटा व्यवहार आहे. प्रवास विम्याची पॉलिसीही नीट वाचावी; साहसी खेळ त्यात वगळले आहेत काय, आणि नसल्यास किती मीटर खोलीपर्यंत संरक्षण आहे, हे पाहून घ्यावे. परतीचे विमान तिकीट काढताना शेवटच्या बुडीनंतर अंतर राखावे. एकच विनाथांबा बुडी झाली असल्यास किमान १२ तास, आणि लागोपाठ अनेक बुड्या वा अनेक दिवसांच्या बुड्या झाल्या असल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा प्रचलित दंडक आहे. अंदमानाहून परतणाऱ्यांनी शेवटचा संपूर्ण दिवस जमिनीवरच घालविणे उत्तम.

या अभ्यासक्रमाच्या कार्डावर समाप्तीची तारीख छापलेली नसते. कौशल्य मात्र वापराविना गंजते. वर्ष-दोन वर्षे पाण्यात न उतरलेल्याने ३० मीटरची परवानगी आहे म्हणून थेट ३० मीटर गाठू नये. प्रथम प्रशिक्षकासह उथळ पाण्यात उजळणी करावी. आणि यादी समोर आल्यावर ‘कोणती बुडी सर्वांत रंजक?’ याऐवजी ‘माझ्यातील कोणती उणीव या तीन बुड्या भरून काढतील?’ असा प्रश्न स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की निवड अवघड राहत नाही.